तीन फुटी रुळांवर एक दिवस: डिस्नेलँडची वाफेची गाडी

डिस्नेलँडमध्ये लोक आगगाडीत बसतात ते पाय दुखायला लागल्यावर. दोन स्टेशनं जातात, उतरतात आणि पुढच्या रांगेत उभे राहतात. रेल्वेचं वेड असणाऱ्याने नेमकं उलटं करावं. दिवस गाडीला द्यावा आणि वेळ उरला तर बाग बघावी. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या या रेल्वेवर मी आठवड्याच्या मधल्या वारी असा एक दिवस काढला. एक फेरी, एक काम, एवढाच नियम ठेवला होता. गाडीसाठी वेगळं तिकीट नाही, बागेच्या तिकिटातच ती येते. मात्र त्या तारखेचं आरक्षण आधी करावं लागतं.

पेशवे पार्कातली फुलराणी डोळ्यासमोर ठेवून गेलात तर फसाल. हे खेळण्यातलं इंजिन नाही. बॉयलर खरा आहे, वाफ खरी आहे, आणि चालक व भट्टी सांभाळणारा फायरमन दिवसभर खरंच राबतात. लहान आहे ते फक्त माप. रुळांमधलं अंतर 3 फूट, म्हणजे 914 मिमी. माथेरानची गाडी 2 फुटांवर चालते, बार्शी लाइट 2 फूट 6 इंचांवर चालायची, त्यामुळे हा गेज आपल्या डोळ्यांना अनोळखी वाटतो. तो आला वॉल्ट डिस्नेच्या घरामागच्या रेल्वेतून. लॉस एंजेलिसमध्ये घराच्या आवारात त्याने 'कॅरोलवुड पॅसिफिक' नावाची सव्वासात इंच रुळांची रेल्वे टाकली होती. तिच्यावरचं 'लिली बेल' हे इंजिन खऱ्या इंजिनाच्या एक अष्टमांश मापाचं. डिस्नेलँडसाठी पहिली दोन इंजिनं करताना त्याच आराखड्यांवरून पाचपट मोठं माप घेतलं. एक अष्टमांशाची पाचपट म्हणजे पाच अष्टमांश, आणि सव्वासात इंचांची पाचपट 36.25 इंच. 3 फूट म्हणजे 36 इंच. दुसऱ्या बाजूने मोजा: अमेरिकेचा मोठा गेज साडेछप्पन इंचांचा, त्याचे पाच अष्टमांश 35.3 इंच. हिशोब दोन्हीकडून जवळपास तिथेच येतो.

सुरुवात मेन स्ट्रीट स्टेशनवरून करावी. बागेत शिरलं की समोरच आहे, पायऱ्या चढून फलाटावर जायचं. गाडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते: मेन स्ट्रीट, न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर, टूनटाउन, टुमॉरोलँड आणि परत मेन स्ट्रीट. पूर्ण फेरीला थांबे धरून अठरा-वीस मिनिटं लागतात. दिशा ठरलेली असल्यामुळे फलाट आणि बघण्यासारखं बहुतेक सगळं उजव्या हाताला येतं. काही डब्यांत बाकंच उजवीकडे तोंड करून बसवली आहेत, काहींत पुढे तोंड करून. पुढे तोंड असलेल्या संचात बसायचं असेल तर उजवी कड धरा. सोबत बाबागाडी असेल तर चढण्यापूर्वीच घडी करून ठेवा, नाहीतर अख्ख्या फलाटाची नजर तुमच्यावर येते.

पहिली फेरी गाडीत बसायचीच नाही. फलाटाच्या पुढच्या टोकाला उभं राहून आज कोणती इंजिनं आहेत ते टिपायचं. एकूण पाच आहेत, पण सगळी एका वेळी बाहेर नसतात. 1 नंबरचं 'सी. के. हॉलिडे' आणि 2 नंबरचं 'ई. पी. रिप्ली' ही 1954 साली डिस्नेने स्वतः बनवून घेतलेली जोडी. दोन्ही 4-4-0. पुढे चार लहान चाकं, मग चार मोठी चालती चाकं, मागे काही नाही. बॉयलर लॉस एंजेलिसच्या डिक्सन बॉयलर वर्क्सचे. आतून दोघी सख्ख्या बहिणी असल्या तरी धुरांड्यावरून लांबूनही ओळखता येतात. हॉलिडेचं धुरांडं वर पसरट, लाकूड जाळणाऱ्या जुन्या इंजिनांसारखं. रिप्लीचं सरळ नळकांडं, कोळशाच्या इंजिनाचं.

बाकीची तिन्ही फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यातली. आधी दुसरीकडे आयुष्य काढून ती इथे आली. 3 नंबरचं 'फ्रेड गर्ली' 1894 सालचं, या रेल्वेवर सगळ्यात म्हातारं. लुइझियानातल्या उसाच्या मळ्यावर ते ऊस वाहायचं, 1958 साली इथे लागलं. 4 नंबरचं 'अर्नेस्ट एस. मार्श' 1925 सालचं. न्यू जर्सीत वाळूच्या खाणीवर ते 0-4-0 म्हणून राबत होतं. इथे आणताना पुढे दोन चाकं लावून 2-4-0 केलं आणि 1959 पासून ते चालू लागलं. 5 नंबरचं 'वॉर्ड किंबॉल' 1902 सालचं, तेही लुइझियानाच्या ऊसमळ्यांवरून आलेलं, पण इथे दाखल झालं ते या शतकात. किंबॉल हा डिस्नेचा चित्रकार. घरामागे स्वतःची तीन फुटी रेल्वे चालवणारा माणूस, त्यामुळे या यादीत त्याचं नाव शोभतं. 'पिनोकिओ' सिनेमातल्या जिमिनी क्रिकेट या पात्राचं चित्रण त्याने केलं होतं. 5 नंबरच्या दिव्यावर त्या रातकिड्याची सोनेरी आकृती आहे, ती जवळून बघाच. बाकी चौघांना सँटा फे रेल्वेच्या बड्या लोकांची नावं आहेत. 17 जुलै 1955 ला बाग उघडली तेव्हापासून 1974 पर्यंत सँटा फे कंपनी डिस्नेलँडच्या या रेल्वेची पुरस्कर्ती होती.

त्या दिवशी 2 आणि 3 नंबर फिरत होते. हे लवकर कळलं ते बरं झालं, कारण 3 आणि 5 ला वेगळा टेंडर, म्हणजे इंजिनामागचा तेल-पाण्याचा डबा नाही. तेल-पाणी चालकाच्या खोलीमागेच, त्याच सांगाड्यावर. टेंडरच्या पुढच्या टोकाला दोघांपुरतं बाकडं असतं. तिथे बसायची इच्छा असेल तर 3 नंबरसमोर उभं राहून विचारण्यात अर्थ नाही, 2 नंबरची वाट बघायची. फलाटावर जो कर्मचारी उभा असेल त्याला विचारायचं. इंजिनावरच्या माणसांच्या आणि त्या दिवसाच्या सोयीवर सगळं अवलंबून असतं. मिळेलच असं धरून चालू नये. नाही म्हणाले तर हुज्जत घालू नये, पुढच्या फेरीला पुन्हा विचारावं. सकाळची वेळ बरी, दुपारी फलाट तुंबलेला असतो.

आता गाडी सुटताना काय बघायचं ते. अमेरिकन रिवाजाप्रमाणे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे इथे फलाटाच्या बाजूला. फायरमन पलीकडे. सगळे चालकाचे फोटो काढतात. खरी कसरत पलीकडच्या माणसाची असते. कोळसा नाही, त्यामुळे फावडंही नाही. तेल जाळायचं तर ते आधी वाफेच्या फवाऱ्याने भट्टीत उडवावं लागतं. (सकाळी बॉयलर थंड असताना वाफ कुठली? म्हणून तेलावरचं इंजिन पेटवताना सुरुवातीला बहुधा शेडमधली दाबाखालची हवा लावतात.) भट्टीतून हवा खेचणारी ओढ लागते ती धुरांड्यातून बाहेर पडणाऱ्या वाफेमुळे. गाडी फलाटावर उभी राहिली की ती वाफ बंद, ओढ बंद. फायरमन ब्लोअर, म्हणजे धुरांड्यात वाफेचा झोत सोडणारा तोटा, उघडून थोडी ओढ कायम ठेवतो आणि तेल बारीक करतो. घंटा होते, चालक रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडायची कळ, उघडतो, पहिला 'फस्स' बसतो आणि ओढ एकदम वाढते. त्याच क्षणी तेलही वाढायला हवं. आधी वाढवलं तर तेल अर्धवट जळून काळा धूर होतो आणि बॉयलरच्या नळ्यांत काजळी धरते. उशीर झाला तर थंड हवा भट्टीतून खेचली जाते, गरम नळ्यांची टोकं आकसतात आणि गळती सुरू होते. म्हणून धुरांड्याच्या तोंडाकडे बघायचं. फिकट, जेमतेम दिसणारी छटा असेल तर हात जमलेला आहे. मी उभा होतो तेवढ्या वेळात रिप्लीच्या धुरांड्यावर काळा धूर एकदाच आला, तोही डोळा लवेपर्यंत.

सुटताना इंजिनाच्या पुढच्या भागातून बाजूला पांढरी वाफ जमिनीलगत झेपावते. लोकांना वाटतं ही शोभा. सिलिंडरचे तोटे मुद्दाम उघडलेले असतात. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफ थंड होऊन पाणी साठतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही. ते आत ठेवून दट्ट्या टोकापर्यंत गेला तर सिलिंडरचं झाकण तडकू शकतं. म्हणून पहिले काही फेरे तोटे उघडे ठेवून पाणी हाकलायचं, मग बंद. फोटो घ्यायचा तर तो याच पाच-सहा सेकंदांत. थोडं मागे उभे राहा, नाहीतर लेन्सवर धुकं बसतं.

जळतं ते काय? 2007 साली सगळी इंजिनं सोयाबीनच्या बायोडिझेलवर नेली, त्यात साधं डिझेल जेमतेम दोन टक्के. साठवणुकीच्या अडचणी आल्या आणि पुढच्या वर्षी काही काळ पुन्हा साध्या डिझेलवर यावं लागलं. 2009 पासून उपाहारगृहांच्या कढयांतल्या वापरलेल्या तेलापासून केलेलं बायोडिझेल आलं. बायोडिझेल पाणी धरून ठेवतं, गारठ्यात घट्ट होतं आणि जुन्या रबरी नळ्यांना खातं. हा त्याचा स्वभाव कुठेही गेलं तरी तोच. वडापावच्या गाडीसारखा वास येईल या आशेने इंजिनामागे नाक लावू नका. वास असतो, पण फार मंद, आणि वाफेचा ओला वास त्याच्यावर मात करतो.

दुसरी फेरी इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या डब्यात. इथे बघायचं कमी, ऐकायचं जास्त. ठोके मोजा. दोन सिलिंडर, प्रत्येकात दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणजे चालत्या चाकांच्या एका फेऱ्याला चार फुस्कारे. ते सारख्या अंतराने यावेत. एक लांब, एक आखूड असं लंगडं ऐकू आलं तर झडपांची जुळणी सरकली आहे असं समजावं. वेग आल्यावर चालक झडपांचा दांडा मध्याकडे घेतो, वाफ आखूड तोडतो आणि ठोके मऊ होतात. गाडीचा वेग कमी असल्यामुळे हा बदल इथे कानांना स्वच्छ कळतो. मोठ्या गाडीवर तो गडगडाटात हरवतो. फलाटावर उभं असताना 'ठक्... ठक्' येतं ते ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या पंपाचं.

न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरला उतरावंच, आणि किमान दोन गाड्या सोडाव्यात. इंजिनं पाणी घेतात ती इथे. दर गाडी घेत नाही, काही फेऱ्या झाल्या की. त्या वेळी थांबा नेहमीपेक्षा लांबतो. मागची गाडी सिग्नलला अडकते, आणि बसलेले लोक चुळबुळ करू लागतात. आपण फलाटावर असलो तर हीच दिवसातली उत्तम वेळ. बॉयलरमध्ये पाणी नुसतं भरून भागत नाही. पाण्याची वाफ होते, क्षार आत राहतात. ते साचले की बॉयलरमध्ये फेस येतो आणि फेसाबरोबर पाणी सिलिंडरकडे जातं, म्हणजे मघाचंच संकट वेगळ्या दाराने. म्हणून अधूनमधून तळाचं पाणी जोरात सोडून द्यावं लागतं. चालकाच्या खोलीतली काचेची नळी दिसेल अशा जागी उभे राहा. पाण्याची पातळी थरथरते, गाडी थांबली की स्थिर होते. फायरमनची नजर सगळ्यात जास्त वेळा तिकडे जाते. पातळी खाली गेली आणि भट्टीचं छत उघडं पडलं तर पोलाद मऊ होतं. वाफेच्या इंजिनावर याहून मोठा गुन्हा नाही.

याच स्टेशनवर रुळांपलीकडच्या इमारतीतून तारयंत्राचा आवाज सतत येत असतो: कट्ट, कडकट्ट, कट्ट. बाग उघडताना वॉल्ट डिस्नेने केलेल्या भाषणाच्या पहिल्या ओळी त्यात वाजतात. मोर्स ही ठिपके-रेघांची तारेची लिपी शिकलेला माणूसही इथे गोंधळतो, त्याचं कारण मजेशीर आहे. ही आपल्या तार खात्यात वापरायचे ती आंतरराष्ट्रीय मोर्स नाही, जुनी अमेरिकन रेल्वेची मोर्स आहे. तिच्यात सी, ओ, आर, वाय, झेड ही अक्षरं ठिपक्यांच्या मध्ये श्वास घेऊन लिहिली जातात. उदाहरणार्थ ओ म्हणजे एक ठिपका, छोटी विश्रांती, आणखी एक ठिपका. शिवाय इथे 'पी-पी' असा सूर नसतो. पट्टी खाली आपटल्याचा एक आवाज आणि वर उठल्याचा दुसरा, मधल्या वेळावरून ठिपका की रेघ ते ओळखायचं. पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं की एक तुकडा पुन्हा येतो हे कळायला लागतं.

इथून पुढचा भाग नवा. 'स्टार वॉर्स'च्या विभागासाठी जागा करायची म्हणून जानेवारी 2016 मध्ये रेल्वे बंद केली आणि 29 जुलै 2017 ला पुन्हा सुरू केली. बागेतल्या कृत्रिम नदीच्या काठाने खडक, धबधबे आणि पूल असलेला मार्ग नव्याने टाकला. त्यातलं एक वळण डावीकडचं आहे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण तोवर साठ वर्षं या रेल्वेवर फक्त उजवी वळणं होती. एकाच बाजूला वळत राहिलं की बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकांच्या फ्लँजच (चाकाची बाहेर आलेली कड) रुळाला घासतात आणि जास्त झिजतात. डावं वळण कुठे येतं ते बघायचं असेल तर शेवटच्या डब्यात बसा. पुढचं इंजिन एरवी उजवीकडे झुकलेलं दिसतं, ते इथे अचानक दुसऱ्या बाजूला येतं. माझ्या मते ही अख्ख्या फेरीतली सर्वोत्तम जागा.

टूनटाउन स्टेशनवर रेल्वेच्या दृष्टीने थांबण्यासारखं काही नाही. टुमॉरोलँडहून निघालं की बोगदा लागतो. त्यात आधी ग्रँड कॅन्यनचा देखावा, 1958 सालचा. मागचा पडदा 306 फूट लांब, 34 फूट उंच, अखंड कापडावर रंगवलेला. त्यानंतर 1966 पासून डायनासोर, जे 1964-65 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या फोर्डच्या दालनातून इथे आले. मुलं ओरडतात, मोठे मोबाइल काढतात. आपण इथे कान द्यावेत. बंदिस्त जागेत चाकांचा आणि इंजिनाचा आवाज भिंतींवरून परत येतो, आणि मघाचे चार ठोके आता छातीत ऐकू येतात. फ्लॅश मारू नका, काचेत स्वतःचाच चेहरा येतो.

एखाद्या गाडीच्या मागे 'लिली बेल' हा बंद डबा दिसला तर नशीब. पहिल्या दिवसापासूनच्या बंद प्रवासी डब्यांपैकी 'ग्रँड कॅन्यन' हा डबा 1975 साली लाल मखमल, लाकूडकाम आणि रंगीत काचांनी सजवून खास पाहुण्यांसाठी केला. नाव डिस्नेच्या पत्नीचं, लिलियनचं. जपानचे सम्राट हिरोहितो त्याच वर्षी त्यातून फिरले. सर्वसामान्यांना त्यात बसता येईल हे गृहीत धरू नका. इंजिनांची शेडही बघायला मिळत नाही. इमारत एकच, खाली वाफेची इंजिनं आणि वरच्या मजल्यावर मोनोरेल.

खोळंबे होतात, त्यांची कारणं कळली की चिडचिड कमी होते. रूळ एकेरी, दिशा एक, आणि मार्ग सिग्नलांनी तुकड्यांत वाटलेला. एका तुकड्यात एकच गाडी. पुढची गाडी पाणी भरत असेल, व्हीलचेअर चढवत असेल किंवा कुणाची टोपी उडून रुळांत पडली असेल, तर मागच्या सगळ्यांना लाल. दुपारी एक इंजिन बाजूला गेलं आणि एकच गाडी उरली. तेव्हा फलाटावरचा फलक जेवढी वाट दाखवत होता त्याच्या दुप्पट लागली. अशा वेळी फलाट सोडू नका. बाजूला गेलेल्याच्या जागी दुसरं इंजिन येणार असेल तर ते पहिल्या फेरीत बघायला मिळतं. आमच्या वाट्याला संध्याकाळी 4 नंबर आलं, त्यालाही टेंडर आहे.

संध्याकाळची फेरी अंधार पडायच्या आधी संपवा. आतषबाजी बागेच्या मागच्या बाजूने, रुळांजवळूनच होते, त्यामुळे त्या वेळी गाड्या थांबवतात. बंद व्हायच्या वेळा सकाळीच स्टेशनवर विचारून घ्या. तिन्हीसांजेला दिवे लागलेले असतात, गारव्याने वाफ जास्त दाट दिसते, आणि दुपारभर न दिसलेली सेफ्टी व्हॉल्व्हची फुंकर आकाशाच्या निळ्यावर उठून दिसते.

हाताशी आणखी दिवस असेल तर दोन जागा. बाजूच्याच ब्यूना पार्क गावातल्या नॉट्स बेरी फार्मची रेल्वे डिस्नेलँडहूनही जुनी, 1952 सालची. तीही तीन फुटी. तिथली वाफेची इंजिनं कोलोरॅडोच्या डोंगरात खरी नोकरी केलेली 2-8-0 आहेत, 1881 च्या बांधणीची, आणि मापात कुठलीही काटछाट नाही. डिस्नेलँडचं 2 नंबर बघून लगेच तिकडे गेलात तर पाच अष्टमांश म्हणजे किती ते डोळ्यांना कळतं. दुसरी जागा लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात. कॅरोलवुड पॅसिफिक चालवताना डिस्ने ज्या लाकडी कोठारात बसून सांधे बदलायचा, ते कोठार आता तिथे हलवलं आहे. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी 11 ते दुपारी 3, उघडं असतं, प्रवेश फुकट. सांधे बदलायच्या कळांचा फलक आत भिंतीवर आहे.